हातानं जोडलेली डिस्क

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा लिनक्सचा प्रवास लिहा ना, वाचकांना उमेद येईल." साठीच्या आसपास कॉम्प्युटरशी झटापट करणारी बाई दिसली की लोकांना तिचं कौतुक करावंसं वाटतं, हे मला आता सवयीचं झालंय. नातेवाईक तर मला लग्नाकार्यात ओळख करून देताना "ही आमची हॅकर" म्हणतात. त्यांना हॅकर म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि मी तशी नाही, पण जेवणाच्या पंगतीत कुठे समजावत बसणार? तर आधीच सांगते, या लेखात उमेदीचं प्रमाण बेताचंच आहे. ज्याला ते हवं असेल त्याने पुढचं पान उघडावं, राग नाही.

मी लालबागची. टायपिंगच्या दोन परीक्षांवर परळच्या एका ट्रस्टच्या तपासणी केंद्रात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ट्रस्टचं नाव लिहीत नाही. काम काय, तर माणसाच्या अंगातली गाठ काढली की तिचा तुकडा आमच्याकडे यायचा, त्याची पातळ कापं काचेवर बसायची, डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायची. एका कागदावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरायचं. रिपोर्ट घ्यायला चिपळूणहून, अकोल्याहून, कुठून कुठून लोक यायचे आणि आमच्या ओट्यावर बसून राहायचे. एकदा मालवणकडचे एक आजोबा रिपोर्ट वाचून घेतल्यावर हळूच खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाय, ह्यां मशिनातसून पुसून टाक गो." मी म्हटलं, आजोबा, पुसून आजार जायचा नाही. ते म्हणाले, "म्हायती हा माका. पण आसांदे कशाक थंय?" तिथे तरी कशाला राहू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मी पुसलं नाही, पुसता येत नव्हतंच. मात्र मशीनमध्ये राहिलेली गोष्ट माणसाला किती टोचते, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नंतर फार नीट कळायचं होतं.

आमची मशीनं जुनी. नवीन विंडोज त्यांना झेपेना. डॉक्टरांच्या एका भाच्याने येऊन मुख्य मशीनवर लिनक्स घातलं, एका पाकिटात पासवर्ड लिहून माझ्या हाती दिला आणि परदेशी गेला तो गेलाच. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी व्यवस्था. जुन्या मशीनवरही गुमान चालते. फरक असा की तिथे चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी काळ्या पडद्यावर हुकूम लिहावे लागतात, आणि हुकूम चुकला तरी "खरंच करू का?" असं ती बहुतेक वेळा विचारत नाही. सांगाल ते करून मोकळी.

मी शिकले ती नेटवरच्या पानांवरून. अडलं की शोधायचं, कोणीतरी कुठेतरी लिहिलेला हुकूम जसाच्या तसा उतरवायचा, चाललं की पान बंद. ही झाली पहिली यत्ता. बहुतेक लोक तिथेच राहतात आणि आपल्याला येतं असं समजतात. मीही समजत होते.

मिलिंद माझ्यासोबत शिकला. चाळिशीचा माणूस, बारावी झालेला, एका एजन्सीमार्फत आमच्याकडे शिपाई होता. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. काचा नेणं-आणणं, झाडलोट, रिपोर्ट वाटणं असं त्याचं काम, पण दुपारी मोकळा झाला की माझ्या खुर्चीमागे उभा. मी म्हटलं, उभा काय राहतोस, बस आणि लिही. त्याने दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर हुकूम लिहायचा, उजव्या पानावर अर्थ. अर्थ ठाऊक नसला की उजवीकडे जागा सोडायचा, वही माझ्या टेबलावर ठेवून जायचा आणि मी ती जागा भरून ठेवायची. माझ्याकडे अशी वही नव्हती. मला वाटायचं, चालतंय ना, मग अर्थ कशाला? तो मात्र विचारत राहायचा. "मावशी, हे असंच का?" मी चिडवायची त्याला, "तुला काय परीक्षेला बसायचंय?" तो म्हणायचा, "बसवलं तर बसेन की."

एका वर्षी गणपतीनंतर मशीन अडलं. रिपोर्ट सेव्ह होईना. डिस्क भरली, एवढं पडद्यावर दिसत होतं. आता आमचे रिपोर्ट म्हणजे चार-चार ओळींचे, त्यांनी डिस्क कशी भरेल? कोण किती जागा खातंय ते सांगणारा एक हुकूम असतो, तो मी आणि मिलिंदने शोधून काढला. तेव्हा कळलं की काउंटरवरच्या मंडळींनी विसर्जनाचे व्हिडिओ आमच्या मशीनवर ठेवले होते. तीन वर्षांचे. लालबागच्या रस्त्यावरची अख्खी मिरवणूक गाठींच्या रिपोर्टांशेजारी नांदत होती. ते काढले, पण जागा तरी किती दिवस पुरणार? म्हणून मी ट्रस्टकडून एक नवी मोठी डिस्क मागून घेतली, आम्ही दोघांनी ती बसवली आणि सगळे रिपोर्ट तिच्यावर हलवले.

इथे थोडं समजावते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिनक्समध्ये नवी डिस्क आत बसवली म्हणजे झालं असं नसतं. भिंतीत एक रिकामा कोनाडा असतो असं धरा, आणि डिस्क म्हणजे पेटी. कुठली पेटी कुठल्या कोनाड्यात, ते मशीनला सांगावं लागतं. ते हुकूम देऊन हातानं सांगता येतं. पेटी लगेच कोनाड्यात बसते, सगळं दिसतं, छान चालतं. पण मशीन बंद करून परत चालू केलं की ते कालचं काही लक्षात ठेवत नाही. ते उठतं आणि एक यादी वाचतं. यादीत पेटीचं नाव असेल तर पेटी कोनाड्यात, नसेल तर कोनाडा रिकामा. पेटी कुठे जात नाही, आतलं सामानही जात नाही. फक्त ती कोनाड्यात नसते, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं गेलं.

आम्ही पेटी हातानं बसवली होती. यादीचं मला माहीतच नव्हतं. ज्या पानावरून मी हुकूम उतरवला, त्या पानावर खाली बहुतेक लिहिलेलं असणार. पण चाललं, आणि मी पान बंद केलं.

त्यानंतर मशीन बंदच झालं नाही. वीज गेली तरी बॅटरीवर आणि जनरेटरवर चालायचं. मशीन किती दिवस सलग चालू आहे ते सांगणारा एक हुकूम आहे. रोज सकाळी आल्याबरोबर मी तो द्यायची. दोनशे दिवस, चारशे, सहाशे. तो आकडा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. आता कोणी असा आकडा मला अभिमानाने दाखवला की मी आधी विचारते, शेवटचं बंद कधी केलं होतं? इतके दिवस जे मशीन बंद केलेलं नाही, ते परत नीट उठेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. सूक्ष्मदर्शक, काचा कापायचं मशीन, माझा कपाटावर ठेवलेला जुना टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. आदल्या दिवशी खोली धुणं आणि दादरहून फुलं आणणं मिलिंदकडे. पूजेला तो उभा राहायचा नाही. ते बौद्ध, त्यांच्यात हे नाही. इतकी वर्षं कोणी त्यावर काही बोललं नव्हतं. मुख्य मशीन चालूच असायचं, त्याच्या डोक्यावर एक फूल ठेवलं की भागायचं.

त्या वर्षी नवे सेक्रेटरी आले होते, दळवीसाहेब. ते म्हणाले, चालू यंत्राची पूजा होत नाही, त्या दिवशी यंत्राने विश्रांती घ्यायची असते. मी देवीच्या दसऱ्याला गावी गेले होते. मिलिंदचा फोन आला. "मावशी, मोठं मशीन बंद करायला सांगतायत. करू?" मी देवळाच्या आवारात, ढोल चाललेले, एक कान दाबून धरलेला. म्हटलं, "कर. शिकवलंय तसं कर." त्याने केलं.

सुट्टी संपल्यावर मशीन चालू केलं तर कोनाडा रिकामा. जुना एकही रिपोर्ट दिसेना. मी बसमधून उतरून थेट केंद्रात पोचले तर ओट्यावर पंधरा-वीस माणसं ताटकळलेली. चिपळूणची एक बाई होती, नवऱ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलेलं, आणि रिपोर्टाशिवाय ते होणार नव्हतं. डॉक्टर त्याच्या काचा परत काढून बघत होते. दळवीसाहेब माझ्या टेबलापाशी उभे, मिलिंद दाराशी.

माझ्याकडे डिग्री नाही. मला काय येतं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. चूक माझी निघाली तर हे सगळं बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि मी पुन्हा नुसती टायपिस्ट, एवढंच डोक्यात होतं.

मिलिंद म्हणाला, "मावशी, ती डिस्क आपण हातानं जोडली होती. आठवतं का?"

मी म्हटलं, "तू आता मला शिकवू नको."

दळवीसाहेबांनी विचारलं, "परबबाई, मशीन बरोबर बंद केलं असतं तर असं झालं असतं का?"

मी म्हटलं, "नाही. बरोबर बंद केलं तर असं होत नाही."

मी खोटं बोलत नव्हते, हे मी स्वतःला फार दिवस सांगितलं. मला तसं वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण मला माहीत नव्हतं, आणि "मला माहीत नाही" हे तीन शब्द मी म्हटले नाहीत.

मग दळवीसाहेब, कोणाकडे न बघता, म्हणाले, "यांना पूजा नकोच असते. दाबलं असेल बटण रागाने." त्या 'यांना' मध्ये कोण होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं त्या यंत्रांना माळा आणून देणारा माणूस. मी कीबोर्डकडे बघत बसले.

दुपारी बाहेरून एक इंजिनियर आला. त्याने दहा मिनिटांत पेटी कोनाड्यात बसवली. सगळे रिपोर्ट जिथल्या तिथे. मी विचारलं, काय केलं? तो म्हणाला, "आंटी, ये आपके बस का नहीं है," आणि त्याच्या कागदावर कारण लिहिलं, मशीन चुकीच्या पद्धतीने बंद केलं. साहेबांनी तेच मिलिंदच्या नावासकट मराठीत टाइप करायला लावलं. टाइप मीच केलं. खाली सहीही माझी. संध्याकाळी एजन्सीला कळवलं गेलं, उद्यापासून दुसरा माणूस पाठवा. मिलिंदने चहाचे कप धुऊन ठेवले, खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. मावशी म्हणून हाक मारली नाही.

मला राग कसला आला असेल? इंजिनियरचा. 'आपके बस का नहीं' चा. मिलिंदचं वाईट वाटत होतं, पण राग होता तो त्या वाक्याचा. त्या रागाने मी पुढची यत्ता शिकायला घेतली. माटुंग्याच्या एका कॉलेजात शनिवारी सकाळी लिनक्सवाली मंडळी जमायची, तिथे जायला लागले. सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हुकूम पाठ करणं आता थांबवा, मशीन काय बोलतंय ते वाचायला शिका.

मशीन सतत बोलत असतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. कोण आलं, काय सांगितलं, काय सुरू झालं, काय अडलं, प्रत्येक गोष्टीची वेळेसकट नोंद. त्याला लॉग म्हणतात. नवशिका अडला की नेटवर जातो. थोडं येणारा आधी लॉग उघडतो. मधलं अंतर एवढंच आहे, पण ते कापायला मला पाच-सहा महिने लागले, कारण वाचायला बसलं की आधी आपलं म्हणणं बाजूला ठेवावं लागतं. ते मला जमत नव्हतं.

एकदा बाईंनी घरचा अभ्यास दिला. आपापल्या मशीनवरचा एखादा जुना बिघाड घ्या आणि लॉगमधून त्याचं कारण काढून दाखवा. मी दसऱ्याचा दिवस घेतला. सोपा म्हणून घेतला. उत्तर मला माहीतच होतं की.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केंद्रात एकटी बसून मी तो दिवस उघडला. मशीनने मिलिंदचं नाव नोंदवलं होतं. त्याने दिलेला हुकूम अक्षरन् अक्षर नोंदवला होता, मी शिकवलेला, बरोबर हुकूम. त्यानंतर एकेक काम ओळीने थांबलेलं. रिपोर्टांची डिस्क सुरळीत सोडवल्याची नोंद. मग बंद. कुठे धक्का नाही, कुठे खेच नाही, कोणी बटण दाबलेलं नाही. इतकं नीट बंद केलेलं मशीन मी नंतरही फार पाहिलेलं नाही.

आणि सुट्टीनंतरच्या सकाळची नोंद. मशीन उठलं, त्याने यादी वाचली, पुढे गेलं. कुठेही तक्रार नाही. तक्रार कशाची करणार? यादीत त्या डिस्कचं नावच नव्हतं. मी यादी उघडून बघितली. अजूनही नव्हतं. दहा मिनिटांत काम करून गेलेल्या इंजिनियरनेही पेटी हातानंच बसवली होती.

मिलिंदची वही माझ्या खणात राहिली होती. ती काढली. डिस्क बसवली त्या दिवसाचं पान. डावीकडे आमचा हुकूम. उजवीकडे त्याच्या बारीक अक्षरात, "बंद करून परत चालू केलं तर ही जोडणी राहील का? मावशींना विचारणे." आणि त्याखाली, निळ्या शाईत, माझं अक्षर. "बंद करायची गरजच नाही."

मी डबा उघडला नाही त्या दिवशी.

लॉगची पानं छापून मी दळवीसाहेबांकडे गेले. सांगितलं, चूक माझी होती, त्या माणसाची नव्हती, माझी सही मला परत घ्यायची आहे. त्यांनी पानं उलटीसुलटी बघितली. म्हणाले, "बाई, चार महिन्यांवर तुमची निवृत्ती आली. आता कोणाच्या लक्षातही नाही ते." मी म्हटलं, ज्याचं काम गेलं त्याच्या लक्षात असेल. ते म्हणाले, एजन्सीने दिलं असेल त्याला दुसरीकडे काहीतरी, ही माणसं रिकामी राहत नाहीत. पुन्हा तेच, 'ही माणसं'. या वेळी मी गप्प बसले नाही, म्हटलं, साहेब, यंत्रांच्या माळा दरवर्षी त्याने आणल्या, आणि तुम्ही जे बोललात ते मी ऐकून घेतलं, ते चुकलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. पुढे काही झालं नाही. पोच अजून माझ्याकडे आहे.

केंद्रातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात मी ती यादी उघडली आणि डिस्कचं नाव घातलं. मग मशीन बंद केलं, परत चालू केलं. कोनाड्यात पेटी होती. त्या यादीत ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची एक जाळी काढली की मशीन ती ओळ सोडून देतं. ती ओळ नंतर येणाऱ्या माणसासाठी असते, कोणी काय का केलं ते कळावं म्हणून. डिस्कच्या ओळीच्या वर मी तशी एक ओळ लिहिली, ती अशी: मिलिंदने हे आधीच विचारलं होतं. मी ऐकलं नाही. दसऱ्याला त्याने मशीन बरोबर बंद केलं होतं.

मग मी त्याच्या घरी गेले. आधी जायला हवं होतं, कळतं मला. रविवारी दुपारी गेले. त्याच्या आईने ओळखलं, बस म्हणाली, चहा टाकला. मिलिंद घरीच होता; आता तो लोअर परळला एका काचेच्या इमारतीत साफसफाईच्या पाळीवर जायचा. आम्ही तपासणी केंद्रात असताना तो काचांवर चिकटपट्टी लावून रुग्णांची नावं लिहायचा, वळणदार. मी वही दिली, छापलेली पानं दिली, सगळं सांगितलं. अर्ज केला तेही सांगितलं. माफी मागितली. त्याने पानं शांतपणे वाचली. हो, वाचली, त्याला माझ्या आधीपासून वाचता येत होतं बहुतेक.

पानं त्याने परत केली. "हे मला कशाला? मी काय केलं ते मला माहीत आहे."

मी यादीतल्या त्या ओळीचं सांगितलं.

"जाळीच्या पुढे लिहिलंय ना?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे मशीन सोडून देणार."

"माणसांसाठी असतं ते," मी म्हटलं.

"ती फाइल उघडणारं माणूस आहे का तिथे आता कोणी?"

नव्हतं. मी जाणार होते, तो गेलेला. पुढे सगळं बाहेरच्या कंपनीकडे जायचं ठरलं होतं. त्याची आई आमच्या तोंडाकडे बघत बसली होती, कशाबद्दल चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि मला तिला सांगायचं धाडस झालं नाही. मिलिंदनेही सांगितलं नाही. वही मात्र त्याने ठेवून घेतली. मला सोडायला तो जिन्यापर्यंत आला नाही.

हल्ली मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर काहीही नवं बसवलं की आधी मशीन बंद करते आणि परत चालू करून बघते. आजूबाजूच्या बायका शिकायला येतात, त्यांनाही हेच करायला लावते. त्या कंटाळतात. चाललंय की, म्हणतात.

संपादकबाईंना होकार दिला तेव्हा मी मिलिंदला फोन केला. म्हटलं, लिहितेय, तुझं नाव बदलून लिहिते. तो कामावर होता, मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं. मग म्हणाला, "तेव्हा कागदावर माझं खरं नाव टाइप केलं होतं ना, मावशी? मग आताही तेच टाका."

बदललेलं नाही.